कापणीच्या सणातली कुऱ्हाड

म्हसावद, पश्चिम खानदेश
ता. २ डिसेंबर १९३१

चिरंजीव वीरसिंग यास,

लोटन मास्तराचा प्रभूमध्ये सलाम. मोंबासापलीकडच्या धर्मार्थ दवाखान्यात तू, तुझे रुग्ण आणि तुझे मराठी शुद्धलेखन, तिघेही सुखरूप असावेत अशी आशा करतो. येथील वर्तमान संमिश्र आहे. तुझ्या घरचे पुढे लिहीन. क्रमाने जाणे हा माझा स्थायीभाव. तो तू छड्या खात आत्मसात केलेला आहेस.

कापणीचा सण रविवारी यथाविधि पार पडला; म्हणजे त्याचा आरंभ यथाविधि झाला. चर्चच्या ओट्यावर ज्वारीची कणसे, भुईमुगाच्या शेंगा, डांगरे आणि एक क्रुद्ध कोंबडा अशी देवार्पण सामग्री विराजमान होती. लिलाव पुकारण्याचे पद अस्मादिकांकडे. घेणाऱ्याने वस्तू पुन्हा देवाला द्यावी आणि ती पुन्हा बोलीस चढावी, हा आपला गोड शिरस्ता तुझ्या स्मरणात असेलच. त्या पुनर्जन्माच्या बळावरच एका डांगरातून तुमच्या दवाखान्याचे क्विनीन निघते. कोंबडा तिसऱ्यांदा ओट्यावर आला, तेव्हा चुडामण शेतकरी म्हणाला, "मास्तर, हाऊ कोंबडा शे का देवदूत? मरतच नही!" सर्वत्र हास्यकल्लोळ झाला. मीही प्रसन्न होतो, आणि तोच घात झाला.

नंतर एक गृहस्थ पुढे आला व त्याने आपली कुऱ्हाड ओट्यावर ठेवली. तो कोण हे तू ओळखशील. नाव लिहिण्यास लेखणी अद्याप सिद्ध नाही. मोहाच्या झाडांच्या तंट्यात याच कुऱ्हाडीने त्याने भिला नावाच्या गड्याचा उजवा हात मनगटापासून तोडला होता. त्यापायी धुळ्याचा तुरुंग भोगून तो आला, बाप्तिस्मा घेतला, आणि हे शस्त्र घरात नको म्हणून त्याने देवास दिले. असले दान मी आयुष्यात पाहिले नव्हते. अशा क्षणी शहाण्या माणसाने मौन धारण करावे. अस्मादिकांनी कुऱ्हाड उंच धरून तिच्या पराक्रमावर एक विनोद केला. तो येथे लिहीत नाही. कोणी तुला कळविलाच, तर तो माझाच आहे असे समज.

लोक हसले. मागच्या बाकावर भिलाचा थोरला भाऊ जालमसिंग बसला होता. वर्षभर तो नेमाने उपासनेस येत असे, प्रार्थनेअंती सर्वांहून मोठ्याने आमेन म्हणत असे. त्यावरून त्याने क्षमा केली, असे आम्ही सर्वानुमते ठरवून टाकले होते. त्याला मात्र कोणीच विचारले नव्हते. त्याने बोली लावली. कोणी चढाओढ केली नाही. मी घंटा वाजवून कुऱ्हाड त्याच्या हाती दिली आणि शिरस्त्याप्रमाणे विचारले, "परत देणार ना, जालमसिंगभाऊ?"

तो म्हणाला, "देतो. ज्याची त्याला."

पहिला घाव मान आणि खांदा यांच्या सांध्यात बसला. दुसरा, अडवायला वर आलेल्या हातावर. तिसऱ्यासाठी कुऱ्हाड वर गेली तेव्हा चुडामणने बाकाचा पाय उपटून जालमसिंगच्या जबड्यावर घातला. पुढे जे घडले त्यास युद्ध म्हणणे हा युद्धाचा सन्मान ठरेल. घटकेपूर्वी शांतीचे गायन करणाऱ्या मंडळीने त्या एका मनुष्यास लाथांनी तुडविले. त्याचे दात शेंगांमध्ये पडले. त्याला सोडवायला गेलेल्यांनाही मार बसला. मी घंटा हातात घेऊन उभा होतो. "शांतम् पापम्, शांतम् पापम्" असे काहीतरी पुटपुटत होतो म्हणे. तेवढ्यात कौसाबाई माझ्यावर ओरडली, "मास्तर, तुन्हं संस्कृत चुल्हामा घाल! इंद्रसिंग मरी ऱ्हायना!"

होय, बाळा. तुझे वडील.

तुमच्या दवाखान्यासाठी आपल्या बायांनी पावसाळाभर जुनी लुगडी उकळून, फाडून पट्ट्या गुंडाळल्या होत्या. ते शिवलेले गाठोडे कौसाबाईने दातांनी फोडले. एकेक पट्टी लावावी आणि ती लाल होऊन गळून पडावी. नेमके कोठे दाबावे हे जाणणारा मनुष्य आमच्या मंडळीत एकच होता, आणि त्यास आम्हीच हार घालून आगबोटीवर बसविले होते. चुडामणने गाडी जुंपून शहाद्याच्या दवाखान्याकडे बैल पळविले. लोणखेडा दिसू लागले तेव्हा तुझ्या वडिलांनी माझा सदरा घट्ट धरला. मग बोटे सुटली. पट्ट्या या वर्षी पाठविता येत नाहीत, त्याचे कारण हे.

जालमसिंग शहाद्यास पोलिसांच्या ताब्यात आहे. जगेल असे म्हणतात. त्याचे दोन मुलगे मात्र नाल्यापलीकडे घरीच आहेत, आणि तुझा धाकटा भाऊ रायसिंग अंगणात बसून बाणांना धार लावतो आहे. मी प्रभूची वचने ऐकविली, पीनल कोडही ऐकविले. तो म्हणतो, "थोरला भाऊ सांगेल ते करीन. तो येईल किंवा त्याचा शब्द येईल." मंडळीने ठराव करून सणाची रक्कम तुझ्या परतीच्या तिकिटासाठी देऊ केली आहे. तुझी आई गुलाबबाई रडत नाही. तुमच्या भिलोरी बोलीत तिने जे सांगितले ते मराठीत उतरवितो: "त्याला लिहा, येऊ नको. तिथे तो परक्यांचे प्राण वाचवतो. इथे आला तर थोरला म्हणून त्यालाच माणूस मारावा लागेल. नवरा कुऱ्हाडीपायी गेला, मला पोरगा तसा नको."

मी तुला उपदेश करीत नाही. त्याचा अधिकार मी रविवारी गमावला. केवळ याचना करतो. बाण खाली ठेव, एवढे तुझ्या हस्ताक्षरात लिही. रायसिंगला ते मीच वाचून दाखवीन, एक अक्षरही न वाढविता.

टपाल समुद्रावरून येण्यास काळ लागेल. तोवर शाळेस सुट्टी देऊन मी तुमच्या दारात बसलो आहे. हे पत्रही उंबरठ्यावरूनच लिहितो. तुमचे द्वार अरुंद, माझा देह विस्तीर्ण. रायसिंगला धनुष्य घेऊन बाहेर पडायचे, तर मास्तरावर पाय देऊन जावे लागेल. पहाटे तो येऊन मजसमोर उभा राहिला, बराच वेळ, आणि आत परतला. रोज परतेलच असे नाही.

तुझ्या उत्तरापर्यंत येथून न उठणारा,
लोटन