सव्वादोनचं माप

शीतल पोरी,

चौथी शिकलेली तुझी माय पत्र लिहायला बसली! हस. पण काल मी एक खोटं बोलले, अन् ते सांगायला तुझ्याबिगर कोणी न्हाई.

काल एक पोरगी आल्ती, हातात टॅब. गरोदर बाया अन् नुकती जन्मलेली लेकरं कशानं जातेत, त्याचा अभ्यास करून राह्यलेत म्हणे. तुझं विचारायला आल्ती. अन् दोन दिवस काचेच्या पेटीत राहून गेलेल्या तुझ्या लेकीचं.

"मावशी, शेवटच्या दिवसांत हातातोंडाला सूज होती का?"

"न्हवती. अंग भरलं होतं पोरीचं."

"अंग भरलं म्हंजे?"

"म्हंजे तब्येत चांगली होती! लिही की जल्दी, मला भाकरी टाकायच्यात."

तिनं बोट लावलं. सूज: नाही.

हिरवा चुडा आठवतो का गं? डोहाळजेवणाला कासारीण आल्ती. तुझं माप सव्वादोनचं. त्या बांगड्या चढेनात. मंग अडीचच्या काढल्या, त्याबी साबण लावून. कासारीण म्हणली, "आक्का, हे अंग न्हाई भरलं, ही सूज हाय. दवाखान्यात दाखवा."

मी म्हणलं, "तू बांगड्या भर, डॉक्टरकी करू नको!" सगळ्या बाया हसल्या. तूबी हसलीस.

पहिलं बाळंतपण माहेरचं. म्हंजे माझ्या जिम्म्याचं. तू म्हणायचीस, "माय, डोकं ठणकून राह्यलं, डोळ्यापुढं चमकतंय." मी म्हणायचे, चहा पी. पण तू तरी गप का बसलीस? साऱ्या गल्लीशी भांडायचीस, मायशी एकदा भांडायचं की!

झटके आले तवा जालन्याला नेलं. सुई लावायला जागा सापडंना, म्हणून नर्सबाईनं बांगड्या फोडायला घेतल्या. मी तिच्याच अंगावर धावले, "सवाष्णीच्या बांगड्या फोडती का गं?" तिनं ढकललं मला. बराबर केलं.

काल त्या पोरीला जाताना विचारलं, हे होतं तरी कशानं? म्हणली, "रक्ताचा दाब वाढतो. का वाढतो, ते अजून कुणालाच पुरतं सापडलं न्हाई, म्हणून तर घरोघर विचारत फिरतोय. पण सूज दिसली अन् येळेवर दाब मोजला, तर लई बाया वाचतेत."

वाचतेत! अन् हे ऐकूनबी मी तोंड उघडलं न्हाई. आधी तू गेलीस माझ्यामुळं, आता तुझं मरणबी मी खोटं लिहवलं.

देवाला काही मागत न्हाई मी आता. काय मागू?

उद्या ती टॅबवाली पोरगी वडीगोद्रीला हाय, तुझ्या सासरी. तुझ्या सासूला मी आजवर सांगत आले, काहीच दिसत न्हवतं, नशीबच फुटकं. उद्या जीपनं जाते अन् तिच्या देखत त्या पोरीला सांगते. सूज होती. कासारणीनं सांगितलं होतं. मीच ऐकलं न्हाई. मंग सासू दारात उभी करो न करो.

तू काही माघारी येणार न्हाईस. त्या टॅबातलं 'नाही' तेवढं पुसून येते.

तुझी,
माय