सात मीटर बारा

६ सप्टेंबर १९७५
पट्टी सुटली. उजवी बाजू सपाट! धंतोलीतले डॉक्टर म्हणाले, "कौसल्याबाई, गाठ गेली. पण गोळाफेक आता विसरा. बादलीसुद्धा उचलू नका." विसरा म्हणे! इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतून राज्याचं सुवर्णपदक आणणारी पहिली मुलगी मी. त्रेसष्ट साली एका पंचानं विचारलं होतं, "तुमच्यातल्या पोरी खेळतात?" संध्याकाळी त्यालाच टाळ्या वाजवाव्या लागल्या.

१० सप्टेंबर
नर्स प्रेमिलानं शिकवलं — भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. पोहोचेल तिथं मी पेन्सिलीनं रेघ मारते, तारखेसकट. स्पर्धेसारखे तीन प्रयत्न, सर्वांत चांगला तो धरायचा. आज खांद्यापर्यंतही गेला नाही. दुखतं म्हणजे काय दुखतं!

आईनं वस्तीत सांगितलंय — पोरीचा हात मोडला. कॅन्सर हा शब्द घरात काढायचा नाही.

२८ सप्टेंबर
तीच रेघ. आठ दिवस तीच.

९ ऑक्टोबर
घात! धम्मचक्र दिनासाठी आईनं घराला चुना मारला — माझ्या सगळ्या रेघा गेल्या. मी ओरडले. तीही ओरडली, "काहून बोंबलून राहिली वं? सणाले भिंत काळी ठेवू काय?"

रागारागात कोऱ्या भिंतीवर बोटं चढवली. चढतच गेली! भान आलं तेव्हा हात डोक्याच्या वर — चांगला चार बोटं! म्हणजे रोज कालची रेघ गाठली की मीच थांबत होते. वेडी कुठली.

२ डिसेंबर
डॉक्टरांनी हात फिरवून पाहिला. "हलका गोळा चालेल. बेतानं." मी स्पर्धेतला, चार किलोचाच घेतला.

१८ जानेवारी १९७६
आम्हा शिक्षिकांची जिल्हा स्पर्धा. पहिला फाऊल. दुसराही — लाल झेंडा. तिसरा... पांढरा! सात मीटर बारा! माझं जुनं दहा मीटर ऐंशी. सहा जणींत शेवटची आले आणि लहान पोरीसारखी नाचले. इतका आनंद सुवर्णपदकालाही झाला नव्हता.

आमच्या शाळेतल्या गोपिकाबाई म्हणाल्या, "मोडलेला हात बरा जुळला हो!" मी मोठ्यानं म्हटलं, "मोडला नव्हता. छातीचा कॅन्सर होता. काढला." मग गोपिकाबाईंनी मिठीच मारली. स्पर्धा बघायला आलेली आई शेजारी उभी होती, मान खाली घालून.

१९ जानेवारी
सकाळी चहा पुढ्यात ठेवून आई म्हणाली, "मलेही हाय वं गाठ. तीन साल झाले. कोनाले सांगतलं नाही. उद्या मले ने तुह्या डॉक्टरपाशी."