सातव्या वळणाची साक्ष

धोंडखेड, ता. करमाळा
१२ जानेवारी १९७५

चि. मानसिंग यास अ. उ. आ.

पत्रास कारण की, चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भैरोबाची डोंगरदौड ठरली आहे. फेरा गेल्या वर्षीचाच: वेशीपासून ओढा, ओढ्यापासून सात वळणांची पायवाट, माथ्यावर देवळाला एक प्रदक्षिणा आणि मागच्या मुरमाड उतरणीने पुन्हा वेस. एकूण पाच मैल. यात्रा समितीचे अध्यक्ष हिंदुराव यांनी माथ्यावरचा पंच म्हणून पुन्हा माझेच नाव सुचवले व मी ते स्वीकारले. तू यंदाही उतरावेस अशी तुझ्या मामाची मनापासून इच्छा आहे.

दुसऱ्यांदा धावणाऱ्याला एक मोठा लाभ असतो आणि एक मोठा धोका. लाभ हा, की वाट पायांना ठाऊक असते. धोकाही तोच, कारण पाय जुन्या जागी जुनीच चूक करतात. गेल्या वर्षी पहिल्या दोन वळणांवर तू दम उधळलास. यंदा तिसऱ्या वळणापर्यंत तोंड मिटून, केवळ नाकाने श्वास घेता येईल एवढाच वेग ठेव. चार पावलांत श्वास घ्यावा, तीन पावलांत सोडावा. चौथ्या वळणावरचा कातळ सपाट दिसतो पण घसरतो, तेथे टाच टेकू नये.

उतरणीविषयी तर मला पानेच्या पाने लिहावीशी वाटतात! मुरमावर मागे रेलणारा बसतो आणि पुढे झुकणारा पडतो. गुडघे किंचित वाकवावेत, पाऊल थोडे आडवे टाकावे आणि डोक्यावर घागर घेतलेल्या बाईप्रमाणे कंबरेच्या वर स्थिर राहावे. आपल्या बायका हे शास्त्र शाळेत न जाता जाणतात. सोलापुरात चढ नाही, ही सबब मी ऐकणार नाही. रेल्वेच्या पुलाला पायऱ्या आहेत. वर्कशॉप सुटल्यावर रोज वीस फेऱ्या कराव्यात.

गेल्या वर्षी जे झाले ते झाले. त्याच्या उजळणीने पायांत बळ येत नाही. तुझ्या आईने, रंभाने, नऊ महिन्यांत एक ओळही लिहिलेली नाही. तिची प्रकृती बरी आहे ना? मामी दोघांची आठवण काढते. लोभ आहेच, तो पत्रांनी ताजा ठेवावा.

तुझा,
आबामामा

*

सोलापूर
२० जानेवारी १९७५

ती. आबामामांस सा. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. श्वास, टाच, गुडघा, घागर, सर्व वाचले. एका गोष्टीवर मात्र आपण एकच ओळ खर्च केलीत, म्हणून ती गोष्ट मी आपल्याच पद्धतीने, क्रमवार लिहितो.

गेल्या वर्षी माथ्यावर पहिला मी पोचलो. वेशीतही पहिला मीच आलो. दुसरा आला बाळासो, हिंदुरावांचा पुतण्या. त्याने तक्रार केली की मी सहावे आणि सातवे वळण टाळून मेंढ्यांच्या घळीतून वर चढलो. ती दोन वळणे आणि ती घळ खालून दिसत नाहीत, फक्त माथ्यावरून दिसतात. माथ्यावर एकच मनुष्य उभा होता. हिंदुरावांनी भर वेशीत त्याला विचारले की मास्तर, तुम्ही काय पाहिले. त्या माणसाने हात जोडून सांगितले की हा माझ्या बहिणीचा मुलगा आहे, तेव्हा माझी साक्ष धरू नये.

लोकांनी त्याचा अर्थ एकच घेतला. सख्ख्या मामालाही भाच्याच्या बाजूने बोलवत नाही, म्हणजे पोरगा चोर. समितीच्या वहीतून माझे नाव खोडले आणि फेटा बाळासोच्या डोक्यावर बांधला. आपण टाळ्या वाजवल्यात. मी पाहत होतो.

न्याय आणि साक्ष यांतला फरक आपणच आम्हांला सातवीत शिकवला होता. न्याय करणारा मत देतो, साक्षीदार डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. नात्यातल्या माणसाने न्याय करू नये, हे मान्य. पण पाहिलेले सांगू नये, हे कोणत्या पुस्तकात आहे?

ही गोष्ट करमाळ्याच्या गाडीत बसून माझ्याआधी सोलापुरात आली. वर्कशॉपात अक्कलकोटकडचा रुद्रप्पा आहे, मला कानडीत तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतो. मला पाच मिनिटे उशीर झाला की तो सर्वांसमोर विचारतो की काय तम्मा, आज घळीतून यायचं विसरलास का? सगळे हसतात. तो माणूस वाईट नाही. त्याला खरे माहीत नाही. ज्याला माहीत आहे तो मला गुडघे वाकवायला शिकवतो आहे.

मी धावेन, पण एका अटीवर. आपण जे पाहिले ते वेशीत, सर्वांसमोर, तोंडाने सांगायचे. ते होणार नसेल तर पुन्हा पत्र पाठवू नये. मामींना नमस्कार. लोभाचे मागाहून पाहू.

आपला,
मानसिंग

*

सोलापूर
२ फेब्रुवारी १९७५

ती. दादास रंभाचा शि. सा. न.

लिवणार नव्हते. पर तुमचं पत्र आल्यापासनं मानसिंग जेवनावर ध्यान देत न्हाय. भाकर तशीच ठिवून कामावर जातो. म्हनून लिवती. अक्षर वाकडं हाय, पर ते तुमीच शिकवलंय, तवा नावं ठिवू नका.

दादा, तुमी लई शानं. पाय कसा टाकावा ते शिकिवता, आन् पोराच्या पायाखालची वाट दुसऱ्यानं वढून नेली तवा तुमच्या तोंडाला कुलूप. म्हनं भाचा हाय. आवं, बाळासोचा चुलता तर मधी पागुटं घालून बसला हुता की! त्याला न्हाय लाज वाटली, आन् सगळ्या गावाची लाज तुमालाच कशी वाटली? ह्याचा बाप गेल्यावर तुमीच हाताला धरून शाळंत नेलं. तवा भाचा हाय म्हनून सोडलं न्हाय, आन् आताच बरं सोडलं.

आजून येक. हिंदुराव शाळंच्या खोल्यांला जागा देनार, सोमवारी कागूद व्हनार, आसं तुमीच मला दौडीच्या आदल्या दिशी हरकून सांगितलं हुतं. मी काय शिकल्याली न्हाय, पर सोमवार कवा येतो ते मला कळतं. झाला का वो कागूद?

वैनीला नमस्कार. तुमाला बी वर केलाय, थोरलं हायसा म्हनून.

रंभा

*

धोंडखेड
१० फेब्रुवारी १९७५

चि. मानसिंग यास अ. उ. आ.

तुझे व तुझ्या आईचे, अशी दोन्ही पत्रे समोर ठेवून हे लिहितो आहे. आईला हे वाचून दाखव.

कागद झाला नाही. हिंदुराव दर महिन्याला पुढचा महिना सांगतात. एकशे चौदा मुले दोन खोल्यांत बसतात. भिंतीपलीकडचे पाढे अलीकडे ऐकू येतात आणि अलीकडचा इतिहास पलीकडे जातो. रंभाचा तो सोमवार त्या क्षणी माझ्या मनात होता का, हा प्रश्न मी स्वतःला शांतपणे विचारला. वर्गात जशा एखाद्या गोष्टीच्या दोन बाजू मांडतो, तशा मांडल्या. माझे तत्त्व खरे होते. पण त्या दिवशी ते सोयीचेही होते. तत्त्व आणि सोय एकाच बाजूला उभी राहिली की माणसाने आधी सोयीची झडती घ्यावी. मी ती घेतली नाही. तुझा न्याय आणि साक्ष यांतला भेद निर्विवाद आहे. असा विद्यार्थी घडला याचा या स्थितीतही मला अभिमान वाटतो.

तेव्हा शब्द देतो. दौड संपल्यावर, फेटा बांधण्यापूर्वी, मी वेशीत उभा राहून गेल्या वर्षी पाहिलेले सांगेन. दौडीपूर्वी बोललो तर पंचाने आधीच बाजू घेतली असे होईल व तुझ्या यंदाच्या धावण्यालाही डाग लागेल. नंतर बोलणे हेच योग्य.

पुलाच्या फेऱ्या सुरू केल्यास का? उतरताना एकेक पायरी घ्यावी, दोन-दोन नव्हेत. रागावलास तरी आमचा लोभ तू मोडीत काढू नयेस.

आबामामा

*

सोलापूर
१७ फेब्रुवारी १९७५

ती. मामांस सा. न. वि. वि.

येतो. शब्द धरून येतो. फेऱ्या तीस झाल्या.

मानसिंग

*

धोंडखेड
२८ एप्रिल १९७५

चि. मानसिंग यास अ. उ. आ.

वा! परवा मी जे पाहिले ते पस्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिले नव्हते. पाचव्या वळणावर तू दिसलास तेव्हा तुझ्या मागे दोन वळणांत कोणी नव्हते. कातळावर टाच टेकली नाहीस. प्रदक्षिणा घालताना तुझा श्वास मी मोजला, चारास तीन, बिनचूक! माझ्याकडे मात्र तू पाहिले नाहीस. उतरणीवर तर मुरूम तुझ्यामागून घरंगळत होता आणि तू त्याच्या पुढे होतास. गूळ-शेंगा विकणारी बजाबाई म्हणाली की ह्या पोराच्या पायाला डोंगरानं सोताहून वाट दिली बया.

आता ज्याची तू वाट पाहिलीस त्याविषयी. मी बोललो नाही. त्याचे कारण शांतपणे ऐक. मी माथ्यावरून खाली येईपर्यंत हिंदुरावांनी तुला मिठी मारून स्वतःच्या हातांनी फेटा बांधला होता. हलगी वाजत होती, लोक नाचत होते. मला वाटले, निकालानेच सर्व काही सांगितले आहे. जो असा धावतो त्याला घळीची गरज काय, हे आता लहान मुलालाही कळेल. मग मिटलेली जखम उकरून आनंदात विष का कालवावे? त्याच वेळी हिंदुरावांनी जागेचा कागद मे महिन्यात करू असे सांगितले, परंतु त्याचा याच्याशी संबंध नाही.

तू जेवायला थांबला नाहीस. मामीने पुरण केले होते. ताटावरून उठून गेल्यासारखे तिला वाटले. येत जा, माया पातळ होऊ देऊ नकोस.

आबामामा

*

सोलापूर
५ मे १९७५

ती. आबामामांस,

निकालाने काय सांगितले ते ऐका. मी करमाळ्याच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत होतो. डोक्यावर फेटा होता. बाळासोचे दोन सोबती शेजारच्या बाकावर बसले होते. एक मला ऐकू जाईल असे म्हणाला की बघ की, ह्याला सरळ वाटेनं बी पळता येतं, मग तवा घळीत कशाला शिरला हुता? दुसरा म्हणाला की अवंदा मास्तरांनी दम दिला आसंल. दोघे हसले. म्हणजे यंदाची दौड माझ्या बाजूची साक्ष ठरली नाही, माझ्याविरुद्धची ठरली. गेल्या वर्षी मी संशयित होतो. आता सुधारलेला चोर झालो.

तुम्हाला काय वाटले, मला फेटा हवा होता? फेटा मी माझ्या पायांनी कधीही मिळवीन. जे माझ्या पायांनी मिळत नाही, तेवढे एकच मी तुमच्याकडे मागितले होते. त्याला चढ नव्हता, उतार नव्हता, दम लागत नव्हता. उभे राहून बोलायचे होते. तुम्ही हलगी संपण्याची वाटसुद्धा पाहिली नाहीत.

संबंध नाही असे जे वाक्य तुम्ही लिहिलेत, ते आईला वाचून दाखवले.  ती उठून पीठ मळायला बसली आणि पीठ पातळ केले. माझ्या आठवणीत तिच्या हातून असे कधी झालेले नाही.

फेटा करमाळा गाडीच्या ड्रायव्हरबरोबर परत पाठवला आहे, तो समितीला द्यावा. मला धावायला तुम्ही शिकवलेत, ते मी नाकारत नाही. यापुढे मात्र मला काही शिकवू नये.

मानसिंग

*

धोंडखेड
१४ मे १९७५

चि. मानसिंग यास आशीर्वाद.

फेटा पोचला. काल बाजार होता. तो हातात घेऊन मी चावडीसमोर उभा राहिलो आणि हिंदुरावांना बाहेर बोलावले. माणसे जमल्यावर, पाहिलेले सांगितले.

हिंदुरावांनी विचारले की वर्षभर काय तोंडात गुळणी धरली हुती का मास्तर? मी म्हणालो की होय, तुमच्या जागेची. लोक हसले. बजाबाई मात्र हसली नाही. ती शेंगांच्या पाटीमागून ओरडली की खरं बोला म्हनून माझ्या पोराच्या हातावर वळ उठवलं हुतं तुमी, ते आता कुनाच्या हातावर उठवायचं? मी हात पुढे केला नाही, ही माझी आणखी एक चूक.

बाळासो तेथेच होता. तो मान खाली घालून बैल सोडू लागला. हिंदुराव म्हणाले की वही एकदा बंद झाली ती झाली, आणि जागेचे नाव यापुढे काढू नका. तेव्हा तुझे नाव वहीत चढलेले नाही. ते मी चढवू शकत नाही.

जूनमध्ये नवी मुले येतील, खोल्या वाढणार नाहीत, तेव्हा तिसरी आणि चौथी चिंचेखाली बसतील. पालकांकडे मीच घरोघर जाऊन हे सांगितले आणि का ते सांगितले. त्यांतल्या तिप्पण्णाने विचारले की एका पोराच्या दौडीपायी शंभर पोरं पावसात बसवता का? मी म्हणालो की हे तोलण्यातच माझे वर्ष गेले. त्याने दार लावून घेतले. त्याचाही राग खोटा नाही.

माथ्यावरच्या पंचाचे काम मी सोडले. लोभ असावा असे लिहिण्याचा अधिकार सध्या मला वाटत नाही, म्हणून लिहीत नाही. रंभाला मी नमस्कार करतो, मोठा असूनही.

काल तू तेथे नव्हतास. जे बोललो ते तुझ्या कानावर माझ्याकडूनच पडावे, दुसऱ्या कोणाकडून नको.

सहाव्या वळणावर तू पायवाटेवर होतास. सातव्या वळणावरही पायवाटेवरच होतास. घळीत कोणी नव्हते. मी पाहत होतो.

आबासाहेब