शेपटीची काळी कड

मंगळवार, संध्याकाळ

पुण्याला शिकायला जाताना नातीनं तिचा बेट्टा मासा माझ्याकडे ठेवला. परवा त्याची शेपटी फाटलेली दिसली. प्लॅस्टिकच्या झाडाला अडकली असेल म्हणून झाड काढलं. आज शेपटी आणखी आखूड, कडही काळी. नुसती जखम अशी वाढते का?

तिला फोन केला.

"आजी, पाणी कधी बदललंस?"

"परवाच."

"मग घाण पाण्यानं होणारी कूज नसेल, जखमच. भरेल. तू थोडीच खोटं बोलणार हायस?"

नळ आठ दिवसांनी येतो, म्हणून पाणी जपत तीन आठवडे मी पाणी बदललेलंच नाही. ती काळी कड माझ्यामुळे. मासा तळाशी बसलाय, खात नाही. पुन्हा फोन लावते. खरं कळल्याशिवाय ती औषध तरी कोणतं सांगणार?