आबांची रेघ, नानांची रेघ

१२ जाने., सोम.
घराचा गुडघा-वॉर्ड झालाय. हॉलमध्ये दिवाणावर माझे वडील, समोरच्या कॉटवर सासरे. दोघांचाही उजवा गुडघा नवा. ऑपरेशनं इथेच धुळ्यात, एका दिवसाच्या अंतराने. कल्पना नानांची, म्हणजे सासऱ्यांची. जन्म दोंडाईचात मिरचीच्या व्यापारात गेला, सौदा जुळवायची सवय. "याही, संगेच करी टाकूत, एकमेकले सोबत व्हई." आबा रावेरकडचे केळीवाले. लेकीच्या घरी मुक्काम करायला तयारच नव्हते. शेवटी तोडगा त्यांनीच काढला: "मी व्याह्याकडे उतरलो, पोरीकडे नही." वर गावाहून दोन घड मागवले. केळ्याची कोशिंबीर, केळ्याची भाजी, शिकरण. आता स्वप्नातही केळी.
आज चौदावा दिवस. कंपासपेटीतला कोनमापक अन् दोन पट्ट्या घेऊन गुडघा किती वाकतो ते मोजलं. नाना ८०, आबा ५८. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, ९ फेब्रु.पर्यंत नव्वद झाले पाहिजेत. नाही झाले तर पुन्हा भूल देऊन गुडघा वाकवावा लागेल.
 

१४ जाने., बुध.
संक्रांत. तिळगुळाबरोबर दोघांना आलेखाचा एकेक कागद दिला. मास्तरणीचा हात शिवशिवतोच. आडवे दिवस, उभे अंश. मोजणार मी, ठिपका ज्याचा त्याने काढायचा.
नाना: "आम्हले परत शाळामा धाडं का व बेटा?"
पण पेन्सिलीला टोक करून मागितलं.

१९ जाने., सोम.
आबा व्यायाम टाळताहेत. दुखतं म्हणत नाहीत, "उद्या करू" म्हणतात. कारण आज कळलं. कागद भिंतीवर शेजारी शेजारी लावलेत. नानांच्या ठिपक्यांमधून काढलेली रेघ शिडीसारखी उभी. आबांची जवळजवळ आडवी.
"त्याची चढली, माझी लोळली. माह्या गुडघ्यात दम नही पोरी."
 चहा करायला म्हणून उठले आणि ओट्याशी उभीच राहिले.

२० जाने., मंगळ.
आजचा दिवस सोन्याचा!
बी.कॉम.च्या संख्याशास्त्राच्या वर्गात स्कॅटर, म्हणजे ठिपक्यांचे आलेख, चालू आहेत. "दोन रेषांचा चढ नुसत्या डोळ्यांनी ताडू नका, आधी अक्षावरचं माप बघा" असं फळ्यावर लिहीत होते. लिहिता लिहिता खडू थांबला. पोरी बघतच राहिल्या.
घरी आले ती थेट भिंतीपाशी, चपला पायातच. उंचीचं माप दोघांचं सारखं. पण आडवं? नानांचे ठिपके मेथीच्या वाफ्यासारखे दाट, एका दिवसाला एक घर. आबांचे दूर दूर. एका दिवसाला चक्क पाच घरं!
"आबा, हे असं का?"
"मंग? दाटी केली तं वाढतीन कसे? केळीले पाच फूट लागतेच."
हसून हसून खाली बसले. वर्गात शंभरदा सांगते आणि माझ्याच भिंतीवर आठवडाभर हे! दिव्याखाली अंधार.
एकाच कागदावर, एकाच मापाने दोन्ही पुन्हा काढले. आठ दिवसांत आबा ५८ वरून ६८, नाना ८० वरून ८७. नाना अजून वरच आहेत, पण चढ आबांचा जास्त. आबा रोज सव्वा अंश, नाना एकाच्या आत.
आबा रेघेवरून कितीतरी वेळ बोट फिरवत होते. "म्हंजे मी व्याह्याच्या पुढं?"
"पुढे नाही आबा. वेग जास्त."
"तेच ते."
ते तेच नाही. पण आज कोण वाद घालतंय!
नाना सगळं ऐकत होते.  

२४ जाने., शनि.
आबा दिवसातून चारदा व्यायाम करतात, न सांगता. आज ७४. जेवायला भरीत, कळण्याची भाकरी. भरीत कुणाकडचं चांगलं यावर दोघांचं तासभर जुंपलं. वांगी संपली, वाद नाही.
नानांची मात्र काळजी. ८७ वर अडकलेत. ठिपके एका ओळीत. टाच जरा मागे सरकवली की "ओ माय व! बस, बस!" ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, सोमवारी डॉक्टरांना फोन करू.

२८ जाने., बुध.
डॉक्टर फोनवर म्हणाले होते, काही दिवस बघा. आज बघितलं.
कॉलेज लवकर सुटलं. नाना बाल्कनीत खुर्चीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलेले, आणि उजवा पाय खुर्चीखाली पार मागे! पाऊल न वाजवता कोनमापक आणून लावला. १०१.
"नाना!!"
"बोंबलू नको. त्यानी रेघ वर जाई ऱ्हायनी ना? मंग मनी ऱ्हाऊ दे खाले. मना पाय तं वाकस."
आबा आंघोळीला होते म्हणून बरं. आबांची रेघ वर जावी म्हणून यांनी आपली मुद्दाम खाली धरलेली! मला हसूही आवरेना, रडूही. खरे आकडे धरले तर वीस तारखेपासून नाना रोज पावणेदोन अंश, आबा दीड. आकड्याला हात लावायचा नाही, हे आयुष्यभर शिकवलं मी. आज सासऱ्यांच्या ताटातल्या चार शेंगा उचलल्या आणि सोलायला बसले.
आता नानांचं रोज बाल्कनीत चोरून मोजायचं. खरे आकडे या वहीच्या मागच्या पानावर.

४ फेब्रु., बुध.
आबा ९१!!
दोनदा मोजलं. नानांनी वॉकर आपटून आपटून ताल धरला, खालच्या बाई विचारायला वर आल्या. आईला गावी फोन. आई म्हणाली, "रडतीस काय व, नव्वदच तं झाले." मग स्वतःच रडली. ह्यांनी जिलेबी आणली.

८ फेब्रु., रवि.
उद्या डॉक्टर. आबा ९५. भूल नको, सुटलो.
संध्याकाळी हे नानांना दाढीला खाली घेऊन गेले. आबा भिंतीकडे बघत बसलेले. मग एकदम, "व्याह्याचं खरं माप कितीक हाये?"
मी कोनमापक पुसायला घेतला.
"खुर्चीखाली पाय घेतो तवा दिसते ना मले. आंधळा थोडीच हाये."
"मग बोलला का नाहीत?"
"तो एवढा ओरडे माह्यासाठी. कसं बोलू? आता माझे नव्वद झाले. खरी काढ."
"आबा, त्यांची तुमच्यापेक्षा चढी आहे."
"हाये तं हाये. खोट्याच्या पुढं किती दिवस राहू?"
मागच्या पानावरचे आकडे घेऊन लाल पेन्सिलीने नानांची खरी रेघ काढली. आज ११७. चढ आबांपेक्षा जास्तच, थोडासा, पण जास्त. आबांनी चष्मा लावून नीट पाहिली. चेहरा पडेल म्हणून मी बघत होते. तर मिशीत हसले. "बदमाश," म्हणाले.
जिन्यात नानांच्या काठीचा आवाज आला. आबा घाईने दिवाणाच्या काठावर सरकले.
"धर टाच. तो वर येईस्तोवर एक अंश काढू."
मी टाच धरली.