ढगाआडून दादा

१४ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझ्या कुंड्यांना मी न चुकता पाणी घालते, तरी त्या फुरंगटूनच बसल्यात, तुझ्यासारख्या. माहेरी आणखी राहायचं तर खुशाल राहा.

काल आमच्या नव्या यंत्राची चाचणी झाली. दादा विमानात, मी खाली तळावर. विमानातली चित्रं आणि आवाज लेसरवरून खाली येणार होते. तो किरण डोळ्यांना दिसत नाही हे आम्हां सगळ्यांना पाठ. तरी विमान उडालं आणि आम्ही सगळे शहाणे माना वर करून उभे! पडद्यावर दादाच्या हातमोज्याची शिवणसुद्धा दिसत होती.

मग ढग आला. ढगापुढे लेसरचं काही चालत नाही. अशा वेळी यंत्रानं आपणहून रेडिओवर जायचं. पण रेडिओची वाट अरुंद, तिथे सगळं मावत नाही. आधी काय जाऊ द्यायचं ते ठरवावं लागतं. मी आवाज आधी ठेवला होता. नेमका दादा बोलत असतानाच पडदा काळा झाला.

“चिमणे, आहेस ना?” दादा म्हणाला, तेही साहेबांसमोर. मागाहून पाहिलं तर ‘चिमणे’ लेसरवरून आलं होतं आणि ‘आहेस ना’ रेडिओवरून. मध्ये श्वासाचंही अंतर नव्हतं. वहिनी, हे मीच जुळवलंय, तरी अंगावर काटा आला. कशालाच चांगलं न म्हणणाऱ्या आमच्या साहेबांनी चक्क टोपी काढली. मला रडू आवरेना.

आता टाळत होते ते लिहिते. हे यंत्र घेऊन दादा पुढच्या आठवड्यात सीमेवर निघालाय. त्यानं स्वतःहून नाव दिलं. साहेबांनी मला विचारलं, भाऊ आहे तुझा, दुसरा पाठवू का? मी हो म्हणाले नाही. यंत्र त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही, आणि मला ते चाललेलं बघायचं होतं.

मागे त्याचा संपर्क तुटला तेव्हा तू दिवसभर फोनपाशी बसून होतीस. पुन्हा निघाला तर त्याला थांबव, एवढंच तू तेव्हा माझ्याकडे मागितलंस. माझं तो ऐकत नाही. तुझं ऐकेल. थांबवायचं असेल तर पत्र मिळताच त्याला फोन कर, मी मध्ये पडणार नाही.

त्याचा आवाज तुझ्यापर्यंत पोचेल, एवढं मी छातीठोक सांगते. तो परत येईल का, ते माझ्या यंत्राला कळत नाही.

दादाला न सांगता,
तुझी नणंद