वातीनं पाजलेलं दूध

आई, लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे. स्वस्थ बसवत नाही म्हणून काल तिनं फळीवरची भांडी घासायला काढली आणि अगदी मागून ते बोंडलं निघालं. तेच, आपल्या घरचं. पितळेचं, मुठीत मावेल एवढं, बाळाच्या तोंडात दूध ओतायला पुढे चोच काढलेलं. कल्हई कधीच उडून गेली आहे. ती म्हणाली, एवढं चांगलं बोंडलं घरात असून तू आम्हा भावंडांना कधी यानं का पाजलं नाहीस? मी म्हटलं, कल्हई नव्हती. ती हसली. कल्हईवाला दर वर्षी लोधिवलीत येतो आणि आमच्याच दारातल्या आंब्याखाली भाता लावतो, हे तिला का ठाऊक नाही? पण पोर समजूतदार आहे, पुढे विचारलं नाही. मग मलाच काही सुचेना. आज दुपारी सगळी आडवी झाल्यावर तुझ्या जावयाची दौत घेऊन बसले आहे.

मी लिहिते आहे याचं तुला हसू येईल. तुला कागद म्हणजे पुडी बांधायची वस्तू. तुझे जावई शाळामास्तर, त्यांनी मला अक्षरं शिकवली आणि त्यापायी सासूबाईंनी आम्हा दोघांना वर्षभर टोमणे मारले. बाई शिकून पत्र कुणाला लिहिणार, असं त्या विचारायच्या. घ्या, आता लिहिते आहे. उत्तर येणार नाही म्हणूनच जमतं आहे.

तुझा तो मुलगा झाला तेव्हा भात कापणीला आलं होतं. कळंबच्या बाजूचं आपलं ते गाव, घरात चार माणसं: तू, बा, मी आणि आत्या. आत्या म्हणजे बाची थोरली बहीण. तरुणपणीच कपाळ पांढरं झालं, मूलबाळ नाही, माहेरी परत आली ती कायमची. घर तिच्या हाताखाली चालायचं आणि तिच्या तोंडाखाली आपण. तुझ्या भाकरीला ती रोज नावं ठेवायची, आणि तुला ताप आला की तीच उशाशी बसून असायची. माझ्यामागची तुझी दोन पोटातच गेली होती. हा दिवस भरायच्या आधी आला, लिंबाएवढं तोंड, पण जिवंत आला. आत्यानं कर्जतच्या बाजारातून बोंडलं आधीच आणवून ठेवलं होतं. पहिले तीन दिवस बाळाला आईचं दूध द्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. तोवर शेळीचं दूध, पाणी घालून. ते पाजायचा मान आत्यानं कुणाला दिला नाही. पाय लांब करून बसायचं, पायांवर बाळाला उताणं घ्यायचं, रडायला तोंड उघडलं की बोंडल्याची चोच आत. सगळ्या गावानं पोरं तशीच वाढवलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध पिऊन तो गप झाला आणि मग उठलाच नाही.

पाचवी पुजायच्या आधीच सटवाईनं नेला, असं आत्या म्हणाली, आणि बायकांनी माना डोलावल्या. आत्या कितीतरी दिवस धड जेवली नाही. तू भिंतीकडे तोंड केलंस ते केलंसच. तुझ्या बाजेखालची शेगडी विझवली, बाळच नाही तर शेक कुणाला. माझं लग्न ठरलेलं होतं, वैशाखातलं. मी नऊ-दहा वर्षांची, पण एवढं मला कळत होतं की वैशाखापर्यंतच तू माझी, पुढे मी परक्या घरची. आणि तू माझ्याकडे पाठ करून पडलेली. एकदा मी मुद्दाम पाण्याचा हंडा लवंडला, तू रागावशील म्हणून. पाणी तुझ्या बाजेपर्यंत आलं. तू हललीसुद्धा नाहीस.

त्यात आपली मांजर गेली. पेंढ्याची गाडी खळ्यातून वळवताना चाकाखाली आली. बा डोक्याला हात लावून बसला, मांजराची हत्या काशीला गेल्याशिवाय फिटत नाही म्हणून. पेंढ्या रचलेल्या उडवीच्या बुडाशी तिची पिल्लं आहेत हे मला एकटीला माहीत होतं. जाऊन बघते तो दोन गार पडलेली आणि एक हलत होतं. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, नाळेचं वाळकं टोक अजून पोटाला. मी ते ओच्यात घालून घराकडे आले, तर आत्या दारात आडवी. बाळंतिणीच्या खोलीत मांजर न्यायचं नाही म्हणाली. मी तिथंच उभी राहून रडायला लागले आणि माझ्याबरोबर तेही. बोटाएवढा जीव, पण आवाज दाभणासारखा.

तेव्हा आतून तू बोललीस. किती दिवसांनी तुझा आवाज ऐकला मी.

"येऊ द्या तिला, वन्सं. हितं जपायला आता कोण हाय?"

आत्या बाजूला झाली. तू कुशीवर वळलीस तर तुझी चोळी भिजलेली होती. मला घाम वाटला. मला स्वतःला मुलं झाल्यावर कळलं की पिल्लू ओरडलं आणि तुझा पान्हा फुटला, त्याला काय कळणार कुणाचं लेकरू ते. मी म्हशीचं दूध आणते म्हटलं. तू म्हणालीस, जड पडेल त्याला. फळीवरून बोंडलं मागून घेतलंस, पाठ केलीस, आणि पुन्हा वळलीस तेव्हा त्याच्या तळाशी दूध होतं. आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही. आज सांगते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही, तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही.

मग तू सवयीनं पाय लांब केलेस. पिल्लाला पायांवर उताणं घेतलंस, बाळाला घेतात तस्सं. त्यानं ओरडायला तोंड उघडलं आणि तू चोच टेकवून ओतलंस. पिल्लू गप झालं. मला वाटलं, पोट भरलं. आणि त्याच्या नाकातून दुधाचा बुडबुडा आला. पंजे ताठ झाले, जीभ जांभळी पडली. तू झटकन त्याला पालथं केलंस, डोकं खाली, पाठीवर बोटानं थापटलंस, नाकाला तोंड लावून ओढलंस. दूध तुझ्या पायावर सांडलं, पिल्लू शिंकलं आणि त्याला श्वास लागला. मी हसले. तू हसली नाहीस. त्याला मुठीत पालथं धरून तू समोर बघत राहिलीस.

"असाच गप झाला व्हता गं," तू म्हणालीस. "असाच. आमाला वाटलं, निजला."

मला लगेच उमगलं नाही. आधी तुझ्या तोंडाकडे पाहिलं, मग तुझ्या हातातल्या बोंडल्याकडे, तेव्हा कळलं. बाहेर आत्या शेण्या रचत होती. सटवाईला शिव्या घालत होती ते आत ऐकू येत होतं. तू माझं मनगट धरलंस, घट्ट, बांगडी रुतेपर्यंत.

"आत्याला ह्ये कदी सांगायचं नाय. सटवाईनं नेला म्हंते, म्हणू दे. तिला दुसरं कोण हाय? मरंल ती."

मी मान हलवली. एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर केवढं ओझं ठेवलंस तू. पण मला तेव्हा ओझं वाटलंच नाही, आई. तू माझ्याकडे बघून बोललीस, याचाच आनंद झाला.

बोंडलं परत फळीवर गेलं. तू कापसाची वात वळलीस, निरांजनात घालतो तशी, दुधात भिजवलीस, आणि पिल्लाला मांजर बसतं तसं पालथं बसवून वात त्याच्या ओठाला लावलीस. ओतायचं नाही, त्यानं ओढलं तर ओढू द्यायचं. पहिल्यांदा ते नुसतं तोंड फिरवत राहिलं. मग वात धरली आणि पुढचे दोन पंजे हवेत दाबायला लागलं, आईचं पोट दाबतात तसे. तू पदराचा बोळा त्याच्या पंजांखाली दिलास. मग त्याचं पोट फुगलं. आत्यानं हिंग लावून पाहिला, काही उपयोग नाही. तुला आठवलं की मांजर पिल्लांना सारखी मागून चाटत असते. कोमट पाण्यात चिंधी भिजवून तू तशीच फिरवत राहिलीस, आणि त्यानं तुझ्या लुगड्यावर धार सोडली. तू हसलीस. मी आत्याला बोलवायला धावले, जणू घरात मुलगा झाला.

आत्याचं तोंड चालूच होतं, मांजराचं बाळंतपण कुणी बघितलंय का म्हणून. पण पिल्लाला ऊब हवी असं तू म्हटल्यावर शेगडी तिनंच पेटवून आणली आणि तुझ्या बाजेखाली सरकवली. वर ओवा टाकला. पिल्लू तर सुपात होतं, कोपऱ्यात, कापसात गुंडाळलेलं. बाजेखाली शेगडी कुणासाठी, हे मी तेव्हा विचारलं नाही. तू विचारलं असशील तर मला माहीत नाही.

पिल्लाचे डोळे उघडले त्या दिवशी तू उठून चुलीपुढे आलीस. वात माझ्या हातात दिलीस. घाई करायची नाय, म्हणालीस, त्याचं त्याला गिळू दे. "शिकून ठेव. तुझ्या बाळंतपणाला मी असंन, नसंन." मी म्हटलं, मला काय मांजर होणार आहे? तू पाठीत धपाटा घातलास. तो हिवाळा माझ्या सगळ्या आयुष्यातला सुखाचा. भावाच्या जाण्यानं मला तो मिळाला हे मनात आलं की अजून चरचरतं, पण सुखाचा होता तो होताच.

वैशाखात मी लोधिवलीला आले. मांजर तुझ्यापाशी राहिली. तिसऱ्या पावसाळ्याअखेर तुला हिवताप झाला, आणि निरोप्या चालत आमच्याकडे पोहोचला तोवर सगळं उरकलं होतं. मी आले तर बाज भिंतीला उभी करून ठेवलेली. मला तुझं तोंडही बघायला मिळालं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून पुढे मला त्याच खोलीत, त्याच बाजेवर आणलं. करणारी आत्या. मी येऊन चार दिवस होतात न होतात तोच मुलगी झाली, दिवस भरायच्या कितीतरी आधी. लिंबाएवढं तोंड. मांजर उंबऱ्यावर बसली होती आणि आत्या तिला हाकलत नव्हती. तिनं शेळीचं दूध कोमट केलं, पाणी घातलं, फळीवरून बोंडलं काढलं, पदरानं पुसलं. पाय लांब करून बसली आणि पोरीला उताणं घेतलं. किती मायेनं चालत होते तिचे हात. पोरीनं रडायला तोंड उघडलं.

मी आत्याचं मनगट धरलं. तू माझं धरलं होतंस तसं. तोंडातून शब्द काढला नाही. पोरीला ओढून घेतलं, छातीशी पालथं धरलं आणि उशीतला कापूस उपसून वात वळायला लागले. वात वळेना.

आत्या बघत राहिली. कापसाकडे, बोंडल्याकडे, मग त्या भिंतीकडे, जिकडे तोंड करून तू पडायचीस. तिच्या तोंडावरचं रक्त उतरत गेलेलं मी पाहिलं.

"तुझ्या आयंला ठाव व्हतं?" तिनं विचारलं.

मी गप्प राहिले. तिनं माझ्या हातातून कापूस घेतला, मांडीवर एका फटक्यात वात वळली आणि माझ्या हाती दिली. म्हणाली, "सटवाईला लई शिव्या घातल्या मी." पुन्हा त्या विषयावर ती कधी बोलली नाही. मुलगी वातीवर जगली, तीच ही, आज पोट सांभाळत भांडी घासते आहे. आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, पण माझ्या कुठल्याच लेकराला तिनं मांडीवर घेतलं नाही. कुणी हौसेनं पुढे केलं तर म्हणायची, हात धुतलेले नायत. मी सासरी निघाले तेव्हा बोंडलं तिनंच माझ्या गाठोड्यात घातलं, इथं नको म्हणून. मला ते मोडीत घालवलं नाही.

बाहेर मुलगी उठली आहे, हा कागद आता चुलीत जाईल. कापूस पिंजून डब्यात भरून ठेवला आहे, तिला कारण सांगितलेलं नाही. तुला दिलेला शब्द मी मोडला नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. बोलले नाही हे खरं. पण आत्यानं विचारलं तेव्हा 'नाही' एवढं म्हणता आलं असतं मला. तू असतीस तर तेच म्हणाली असतीस. शब्द जिभेवर आला होता, आई. मी तो गिळला, कारण तू गेल्यापासून ते मी एकटी वाहत होते, आणि मला घरात आणखी कुणाला तरी ते ठाऊक असायला हवं होतं.